उशिरा उघडलेलं दार

भाच्याने जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली तेव्हा घरात कोणी पेढे मागितले नाहीत. वीस वर्षांची गाडी, पेट्रोल पिणार, सुटे भाग शोधत फिरावं लागणार. मला मात्र ती बघून बरं वाटलं. या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे टर्बो म्हणजे डिझेल असंच समीकरण होतं. स्कोडा कंपनी औरंगाबादजवळ शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडू लागली ती २००१ साली, आणि तिचीच ही पेट्रोलवर चालणारी टर्बो बहीण. १.८ लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलेंडरला पाच व्हॉल्व्ह, दीडशे अश्वशक्ती. आज दीडशेचं कोणाला काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं.

भाच्याला ते दीडशे पुरेनात. त्याने इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिमॅप करून घेतला, म्हणजे आतले आकडे बदलून घेतले, टर्बोला लागून असलेला सायलेन्सरचा पाइप काढून एका वेल्डिंगवाल्याकडून जाडजूड, मोकळा पाइप बनवून बसवला आणि डॅशबोर्डवर बूस्टचा, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाचा, काटा डकवला. मग एका रविवारी पहाटे मला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर नेलं. असं करू नये, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या गिअरमध्ये त्याने एक्सलेटर तळाला टेकवला. गाडी ओढायला लागली, काटा सरसर चढला, आणि मागून कोणी पदर धरावा तशी गाडी अडकली. सुटली. पुन्हा अडकली.

“मामा, काटा बघितलास?”

काट्याने एक बारची खूण ओलांडून उडी मारली होती आणि तो परत खाली येऊन थरथरत होता. गॅरेजमध्ये याला ‘स्पाइक’ म्हणतात. आपण उसळी म्हणू. भाच्याच्या मते याचा अर्थ गाडीत ताकद जास्त झाली होती, आणि ती काबूत आणायला त्याने इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर मागवूनही ठेवला होता. माझं म्हणणं वेगळं होतं. उसळी म्हणजे जास्त ताकद नव्हे. उसळी म्हणजे उशीर. कुठलं तरी दार वेळेवर उघडत नव्हतं, आणि ते का उघडत नाही हे कळल्याशिवाय त्यावर आणखी एक पहारेकरी बसवून काही साधणार नव्हतं.

*

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून निघालेला जळका वायू एका पंख्यावर आदळतो, दांडा फिरतो, आणि दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतो. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. तिचं पेटंट १९०५ सालचं. घरातला मिक्सर सगळ्यात वरच्या बटणावर मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतो. टर्बोचा दांडा लाख-दीड लाख सहज घेतो, लहान टर्बो तर दोन लाखांच्याही पुढे जातात.

या यंत्राचा स्वभाव असा की ते स्वतःच स्वतःला चढवत नेतं. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त की धूर जास्त, धूर जास्त की पंखा आणखी जोरात, की हवा आणखी जास्त. कोणी थांबवलं नाही तर हे चक्र इंजिन फुटेपर्यंत चालेल. म्हणून त्याला लगाम लागतो. त्याचं नाव वेस्टगेट. धुराच्या वाटेवर, पंख्याच्या अलीकडे, एक भोक आणि त्यावर एक झडप. झडप उघडली की धुराचा काही भाग पंख्याला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे पळतो. झडपेला दांडी, दांडीच्या टोकाला एक डबी, डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग. टर्बोने दाबलेली थोडी हवा बारीक होजमधून या डबीत येते, आणि ती स्प्रिंगला भारी पडली की दांडी सरकून झडप उघडते.

हे समजावताना प्रेशर कुकरच्या शिट्टीचं उदाहरण देतात. मला ते निम्मंच पटतं, आणि राहिलेल्या निम्म्यातच उसळीचं सगळं कोडं आहे. शिट्टी उडते तेव्हा ती वाफ सोडते, म्हणजे दाबच सोडते. वेस्टगेट दाबाला हातच लावत नाही. तो दाब तयार करणाऱ्या पंख्याची ताकद कमी करतो. कुकरपेक्षा हे दुधाच्या जवळचं आहे. दूध वर येताना दिसलं की आपण गॅस बंद करतो, आणि तरीही ते उतू जातं, कारण आच बंद झाली तरी पातेल्यातली उष्णता तिथेच असते. इथे पातेल्याच्या जागी लाखभर फेऱ्यांनी फिरणारा दांडा आहे. झडप उघडली तरी त्याच्या अंगात साठलेला वेग क्षणात जात नाही.

खरी शिट्टीही मोटारींना लागलेली आहे, ती फॉर्म्युला वनमध्ये. तिथल्या टर्बो इंजिनांचा दाब हाताबाहेर गेला तेव्हा १९८७ साली नियम करणाऱ्यांनी प्रत्येक इंजिनावर हवा बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह सक्तीचा केला. त्या वर्षी मर्यादा ४ बार, १९८८ ला २.५ बार, आणि १९८९ पासून टर्बोच बंद. रस्त्यावरच्या गाडीत मात्र दाबलेली, गार केलेली हवा अशी फेकून देणं म्हणजे केलेलं काम पाण्यात घालणं.

*

मोकळा पाइप बसवला की उसळी का वाढते, याचं उत्तर एका जुन्या अमेरिकन गाडीत सापडतं. १९६२ साली टर्बो लावलेल्या दोन गाड्या अमेरिकेत जवळजवळ एकदमच बाजारात आल्या. ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेवरले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर. जेटफायरला वेस्टगेट होता, शिवाय इंजिनात फवारायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण. त्याची टाकी मालकाने भरत राहायची. लोक विसरायचे, आणि टाकी रिकामी झाली की गाडी मरगळायची. दोन वर्षांत ती बंद पडली. कॉर्व्हेअरच्या इंजिनिअरांनी वेगळी वाट धरली. त्यांनी वेस्टगेट ठेवलाच नाही. सायलेन्सर मुद्दाम असा चोंदलेला ठेवला की पंख्याच्या पलीकडे धूर तुंबावा आणि पंखा एका मर्यादेपुढे पळूच नये. सायलेन्सर हाच लगाम. त्या गाडीला कोणी हौसेने मोकळा सायलेन्सर लावला तर तो आवाजाबरोबर लगामही काढून टाकत असे.

पंखा फिरतो तो नुसत्या धुरामुळे नव्हे, तर पंख्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकामुळे. पलीकडचा पाइप मोकळा केला की फरक वाढतो, पंखा लवकर वेग घेतो. लोक मोकळा पाइप याचसाठी बसवतात. पण झडपेची डबी, तिची होज, तिचा कॉम्प्युटर, सगळं जुनंच राहतं. समजा, कंपनीच्या पाइपवर बूस्ट सेकंदाला १ बार या गतीने चढत होता, आणि ‘आता पुरे’ हा निरोप निघाल्यापासून झडप खरोखर उघडेपर्यंत ०.१५ सेकंद जात होते. म्हणजे उसळी ०.१५ बारची, कोणाच्या लक्षातही येत नाही. मोकळ्या पाइपवर चढण्याचा वेग दुप्पट झाला. निरोपाला लागणारा वेळ तेवढाच. उसळी ०.३ बारची. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, हिशेब मात्र असाच चालतो. थंडीतल्या पहाटे हवा दाट असते, तेव्हा हा प्रकार आणखी वाढतो. ‘दुपारी बरी असते, सकाळी झटका मारते’ अशी तक्रार घेऊन गाडी आली तर जाणता मिस्त्री म्हणूनच होजकडे आधी बघतो.

*

ओळखीच्या मिस्त्रींचं गॅरेज भोसरीला आहे. माणूस पन्नाशीचा, बोलणं कमी. भाच्याने कंट्रोलरचा खोका टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून बाजूला केला आणि विचारलं, “लॉग आहे?”

लॉग म्हणजे गाडी पळताना टिपलेल्या आकड्यांची नोंद. ती नव्हती. मग गाडी डायनोवर चढवली, म्हणजे चाकं रोलरवर ठेवून जागेवरच पळवायचं यंत्र. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन लाल खुणेपर्यंत नेलं की वेग शंभराच्या बराच वर जातो. हे काम रस्त्याचं नव्हे. स्कॅनरवर त्यांनी रकाने निवडले. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या त्या पिढीतल्या इंजिनांत ११५ क्रमांकाच्या रकान्यात मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी दिसतात, ११८ मध्ये कॉम्प्युटर झडपेला काय सांगतो आहे ते, आणि २० मध्ये नॉकिंगमुळे, म्हणजे मिश्रण आपोआप पेटल्यामुळे, प्रत्येक सिलेंडरची ठिणगी किती मागे ओढली आहे ते.

इथे आकड्यांत एक गोंधळ नेहमी होतो. डॅशबोर्डवरचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, तर स्कॅनर एकूण दाब मिलिबारमध्ये. १९०० लिहिलं म्हणजे १.९ बारचा बूस्ट नव्हे. त्यातले हजारभर फुकटचे, आपल्या डोक्यावरच्या हवेचे. पुण्यात ते साडेनऊशेच्या आसपास, महाबळेश्वरला आणखी कमी. कॉम्प्युटर एकूण दाबाच्या मागे असतो, म्हणून घाट चढून गेल्यावर तोच आकडा गाठायला टर्बोला जास्त राबावं लागतं. भर म्हणून गॅरेजमध्ये बोलतात पीएसआयमध्ये, टायरच्या सवयीने. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

लॉग आला. ३००० फेऱ्यांच्या पुढे मागणी १९००, मिळालं २२८०. मग खाली, मग वर, दोन-तीन हेलकावे. ४५०० नंतर रेघ स्थिरावली, पण मागणीवर नाही. इंजिनाचे फेरे वाढत गेले तसा बूस्ट मागणीच्या वर सावकाश चढत गेला.

भाचा शिखराकडे बघत होता. मिस्त्रींनी बोट ठेवलं ते शेपटावर.

बूस्ट हाताबाहेर जाण्याच्या तऱ्हा एकसारख्या नसतात, आणि त्यांचे इलाजही एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात ते आठवा. धरणात पाणी भराभर वाढतंय आणि दरवाजे उचलायला उशीर झाला, तर पातळी खुणेच्या वर जाते आणि मग विसर्ग सुरू झाल्यावर उतरते. ही उसळी. दरवाजे वेळेवर उचलले, पूर्ण उचलले, तरी येणारं पाणी त्यांच्या अंगापेक्षा जास्त आहे, तर पातळी हळूहळू चढतच राहते. इंग्रजीतून आलेला गॅरेजमधला शब्द ‘क्रीप’. मी त्याला चढ म्हणतो. आणि दरवाजाच गंजून बसला असेल, किंवा उघडण्याचा निरोप नेणारी वायर तुटली असेल, तर पातळी सुरुवातीपासूनच जास्त. अशी गाडी बहुधा पी०२३४ हा कोड टाकते आणि कॉम्प्युटर बूस्ट मारून तिला रांगायला लावतो. डिझेलवाल्यांना हा तिसरा प्रकार ओळखीचा असेल. त्यांच्या बऱ्याचशा टर्बोत वेस्टगेटऐवजी फिरती पाती असतात, ती काजळीने चिकटतात, आणि गाडी नेमकी घाटात पिकअप सोडते.

भाच्याच्या लॉगमध्ये पहिल्या दोन्ही तऱ्हा एकावर एक बसल्या होत्या. ११८ च्या रकान्यात ते उघड दिसत होतं. झडपेच्या होजवर एन७५ नावाचा सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळाली नाही तर तो टर्बोची हवा सरळ डबीत जाऊ देतो, म्हणजे झडप उघडी, बूस्ट कमी. वायर तुटली तरी इंजिन वाचावं अशी ही मांडणी. वीज जितकी जास्त टक्के वेळ, तितकी डबीतली हवा परस्पर बाहेर सोडली जाते, झडप मिटून राहते, बूस्ट वाढतो. ४५०० च्या पुढे हा आकडा शून्यावर होता. कॉम्प्युटर ओरडून सांगत होता, सगळं उघडा. आणि तरीही दाब चढत होता. अशा वेळी नवा कंट्रोलर लावून काय होणार? तोही शून्यच सांगणार.

“आता सोलेनॉइड बाजूला करू,” मिस्त्री म्हणाले.

उसळीच्या तपासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच चाचणी, आणि तिला खर्च वीतभर होजचा. सोलेनॉइड वगळून टर्बोची हवा थेट डबीला जोडायची आणि गाडी पळवायची. मधला सगळा शहाणपणा गेला. उरली नुसती स्प्रिंग. बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर येऊन सपाट राहिला तर टर्बो, झडप, डबी ठीक आहेत, दोष सोलेनॉइडमध्ये किंवा रिमॅपमध्ये. नुसत्या स्प्रिंगवरही बूस्ट चढत गेला तर पुढचं काम पान्याचं आहे, लॅपटॉपचं नाही.

शिखर गेलं. शेपूट मात्र तसंच चढतं राहिलं.

हातपंप लावून डबीत हवा भरली. दांडी वेळेवर हलली, पडदा गळत नव्हता, पण थोडी सरकून ती ठक्कन थांबली. इतक्या लवकर थांबायला नको होती. पाइप उतरवला. भाच्याने हौसेने बनवून घेतलेल्या त्या पाइपच्या फ्लँजवर, आतल्या कडेला, वेल्डिंगचा एक जाडसर ओघळ राहिला होता आणि त्यावर नखाएवढी चकचकीत खूण होती. झडप उघडताना रोज तिथे आदळत होती. दार होतं, उघडतही होतं. पण निम्म्यावर अडत होतं.

ग्राइंडरने ओघळ काढायला वीस मिनिटं लागली.

चढ नेहमी इतक्या स्वस्तात जात नाही. सुबारू इम्प्रेझा किंवा मझदाची जुनी आरएक्स-७ बाळगणाऱ्यांना विचारा. त्या गाड्यांत मोकळा पाइप बसवला की मूळ झडपेचं भोकच अपुरं पडतं, आणि टर्बो उतरवून ते कोरून मोठं करावं लागतं किंवा बाहेरून वेगळा वेस्टगेट जोडावा लागतो. त्यातही एक उलटी गोष्ट आहे. बूस्ट जितका कमी हवा, तितका वेस्टगेट मोठा लागतो, कारण तितका जास्त धूर पंख्याला टाळून न्यायचा असतो. मोठ्या टर्बोला मोठा वेस्टगेट, असा हिशेब करून पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

*

राहिली उसळी. तिचे अपराधी दोन निघाले.

पहिली होज. कोणीतरी निळ्या रंगाची, दिसायला छान, मऊ सिलिकॉनची होज हातभर लांब घेऊन वळसे देत नेली होती. मऊ होज दाबाखाली आधी स्वतः फुगते, मग निरोप पुढे देते. लांब होजमध्ये हवा भरायलाच वेळ जातो. मिस्त्रींनी तिथे कडक, आखूड होज घातली आणि दोन्ही टोकांना क्लिप मारल्या. त्याच वेळी त्यांनी दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारे सगळे जोडही तपासले. हवा भरून साबणाचं पाणी लावायचं, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. तिथे गळती असली तर काय होतं? कॉम्प्युटरला बूस्ट कमी दिसतो, तो झडप आवळत जातो, टर्बो जिवाच्या आकांताने पळतो, आणि मालक म्हणतो गाडी उचल घेत नाही. इथे गळती नव्हती.

दुसरा अपराधी रिमॅप, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. बूस्ट ताब्यात ठेवणारा कॉम्प्युटर ज्या रीतीने विचार करतो ती रीत जहाजांवरून आली आहे. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या इंजिनिअरने अमेरिकी नौदलासाठी काम करताना सुकाणूवरच्या माणसाचं निरीक्षण केलं आणि १९२२ साली त्याचं गणित मांडलं. कसलेला सुकाण्या जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. ते किती वेळ भरकटलेलं आहे हेही तो मनात धरतो, आणि ते किती वेगाने फिरतंय हेही. आत्ताची चूक, साठलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग. या तीन गोष्टींच्या बेरजेवर सुकाणू किती वळवायचं ते ठरतं.

घात होतो तो मधल्या गोष्टीत. पेडल दाबल्यापासून टर्बो जागा होईपर्यंतच्या सेकंदभरात मागणी वर असते, बूस्ट तळाला. ही चूक खरी म्हणजे चूक नाहीच. टर्बोला लागणारा वेळ आहे. पण कॉम्प्युटर ती वहीत मांडत जातो, उधारीसारखी, आणि झडप आणखी आवळतो. बूस्ट मागणीपाशी येतो तेव्हा आत्ताची चूक शून्य झालेली असते, पण वहीतली थकबाकी मोठी असते. ती फिटेपर्यंत झडप उघडत नाही. चांगला रिमॅप करणारा बूस्ट मागणीच्या जवळ येईपर्यंत वही मिटूनच ठेवतो, आणि वेग बघणाऱ्या तिसऱ्या हिशेबाला बळ देतो, म्हणजे बूस्ट वेगाने चढताना दिसला की आकडा गाठायच्या आधीच झडप थोडी सैल होते. भाच्याचा रिमॅप कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीवर, कंपनीच्या पाइपवर बनवलेला होता आणि इथे जसाच्या तसा भरला होता. मोकळ्या पाइपवर टर्बो लवकर जागा होतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट मलाही त्या दिवशीच नीट उमगली. गाडी अडकायची ती पेट्रोल तोडल्यामुळे, असं मी धरून चाललो होतो. पुष्कळ गाड्यांत तसंच असतं. या इंजिनात पेडलला तार नाही. पेडल फक्त इच्छा कळवतं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा जाण्याचं दार, उघडतो-मिटतो कॉम्प्युटर. बूस्ट मागणीच्या फार वर गेला की तो घाबरून थ्रॉटल मिटतो. आणि दाब मोजणारा सेन्सर बसवलेला असतो थ्रॉटलच्या अलीकडे. दार बंद झालं की अलीकडच्या पाइपमध्ये हवा कोंडते, सेन्सरला आणखी दाब दिसतो, कॉम्प्युटर आणखी घाबरतो. लॉगमधले ते हेलकावे बरेचसे असे आले होते. म्हणून थ्रॉटल किती अंशांवर आहे हा रकाना शेजारी ठेवल्याशिवाय उसळीच्या उंचीवर विश्वास ठेवू नये.

नव्या होजवर, साफ केलेल्या पाइपवर आणि सुधारलेल्या रिमॅपवर पुन्हा लॉग काढला. मागणी १९००, शिखर १९६०, अर्ध्या सेकंदात रेघ मागणीला चिकटली आणि लाल खुणेपर्यंत तिथेच राहिली. २० च्या रकान्यातही ठिणगी फारशी मागे ओढावी लागत नव्हती. भाच्याचा चेहरा जरा उतरला. काटा आता उड्या मारत नव्हता.

*

अर्ध्या सेकंदाच्या उसळीने असं काय बिघडतं, हे तो नंतरही विचारत राहिला. बिघडतं ते सिलेंडरमध्ये. हवा जास्त कोंबली की दाब आणि उष्णता इतकी वाढते की ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हे नॉकिंग, पिस्टनवर हातोडीचे घाव पडावेत तसं. पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा तुटायला असे थोडेच घाव पुरतात. मझदाच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात, तिथे टोकाची सील फुटतात, आणि त्या इंजिनाला नॉकिंग फार कमी वेळा माफ आहे. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या १९८९ पासूनच्या गाड्यांत टर्बोचे धुराकडचे पंखे हलके राहावेत म्हणून सिरॅमिकचे होते. कंपनीने झडपेच्या होजमध्ये एक बारीक अडथळा घालून बूस्ट आवरलेला. तो काढला की बूस्ट बारच्या आसपास जायचा, आणि त्याहून पुढे ताणणाऱ्यांच्या टर्बोतून पंखा सुटून निघायचा.

शिवाय एक आंधळेपणा असतो. २.५ बारपर्यंत वाचणारा सेन्सर असेल तर उसळी २.५ च्या वर गेल्यावरही तो २.५ च सांगतो. ज्या गाड्यांत पेट्रोलचं माप याच सेन्सरवरून ठरतं, तिथे कॉम्प्युटर तेवढ्याच हवेचं पेट्रोल सोडतो, आणि इंजिन हवा जास्त, पेट्रोल कमी अशा अवस्थेत भर ताकदीवर चालतं. लॉगमध्ये शिखराचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसला तर ती चांगली बातमी समजू नका. सेन्सरने हात टेकलेत.

स्प्रिंगबद्दलही एक सांगून ठेवतो. मूळची मऊ स्प्रिंग ठेवून तिच्या दुपटीपेक्षा जास्त बूस्ट सोलेनॉइडकडून काढायला गेलं की ताबा निसटतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. बूस्ट खरोखर वाढवायचा असेल तर आधी जाड स्प्रिंगची डबी बसवावी. बाजारात मिळणारा गोळी-स्प्रिंगचा स्क्रू, ज्याला मॅन्युअल कंट्रोलर म्हणतात, तो ठरावीक दाबापर्यंत झडपेला हवाच पोचू देत नाही. त्यामुळे गाडी चटकन उचलते हे खरं. पण तो बूस्ट मोजत नाही, आणि जास्त आवळला की उसळीला स्वतःच आमंत्रण देतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफारांच्या विरोधात आहेत. मिस्त्रींनी पावती देताना भाच्याला हे ऐकवलं, कंपनीचा जुना पाइप डिकीत परत ठेवला आणि तो भंगारात घालू नकोस म्हणून सांगितलं.

तुमच्या गाडीचा काटा उडायला लागला तर कंट्रोलरची किंमत बघण्याआधी बॉनेट उघडून टर्बोकडून झडपेच्या डबीकडे जाणारी ती बारीक होज शोधा. ती मऊ पडली आहे का, चिरली आहे का, किती वळसे घेते आहे, हे हाताने चाचपून बघा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. टर्बोचं धड गाडी बंद केल्यावरही बराच वेळ हात भाजण्याइतकं तापलेलं असतं.